दूरचा संघ बंद पडत नाही

मुंबई सिटी एफसीचा घरचा सामना अंधेरीच्या मुंबई फुटबॉल अरेनात संध्याकाळी साडेसातला सुरू होतो, कधी आठला. मध्यंतर, वाया गेलेल्या मिनिटांची भरपाई, खेळाडूंनी प्रेक्षकांना केलेले अभिवादन हे सगळे आटोपून माणूस फाटकाबाहेर येतो तोवर साडेनऊ वाजून गेलेले असतात. समुद्रापलीकडच्या, रायगड जिल्ह्यातल्या मांडव्याहून आलेल्या माणसाची खरी अडचण इथून सुरू होते. गेटवे ऑफ इंडियाहून सुटणारी लाँच त्याला तासाभरात पलीकडे नेते, पण ती दिवसाची सोय. लाँच चुकली की पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड असा वळसा घालायचा. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला तेव्हापासून ज्याच्याकडे स्वतःची गाडी आणि टोलचे पैसे आहेत त्याचा वेळ वाचतो. बाकीच्यांनी रात्र मुंबईतल्या मावशीकडे काढायची आणि सकाळची पहिली लाँच धरायची.

आता शनिवार घ्या. इंग्लंडमध्ये दुपारी तीनला सुरू होणारा सामना अलिबाग तालुक्यातल्या चोंढी नाक्यावर हिवाळ्यात रात्री साडेआठला आणि उन्हाळ्यात साडेसातला फोनवर दिसतो. गंमत अशी की तोच सामना मँचेस्टरमधल्या माणसाला घरी बसून पाहता येत नाही. मैदानावरची तिकीटविक्री बुडू नये म्हणून ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉलचे थेट प्रक्षेपण करायचे नाही, असा १९६० च्या दशकापासूनचा नियम आहे. बर्नली क्लबचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी त्याचा आग्रह धरला होता. त्यांच्या डोक्यात अर्थातच रायगड जिल्हा नव्हता.

तेव्हा मांडव्याच्या पोराला अंधेरीपेक्षा मँचेस्टर युनायटेडचे ओल्ड ट्रॅफर्ड जवळ पडते, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये. दूरच्या फुटबॉल संघांभोवती आपल्याकडे समर्थकांची मंडळे कशी उभी राहिली, हा या लेखनाचा विषय आहे, आणि तो समजून घ्यायला मुंबईच्या समोरचा हा किनारा सोयीचा आहे. देशभर मांडव्याचे नाव पोहोचले ते १९९० च्या ‘अग्निपथ’ चित्रपटामुळे. पडद्यावरचे ते गाव आणि अलिबाग तालुक्यातले हे धक्क्याचे गाव यांत साम्य शोधू नये. इथे मासेमारी आहे, शेतघरे आहेत, शनिवार-रविवारी मुंबईहून उतरणारी माणसे आहेत. खेळ म्हणाल तर कबड्डी आणि टेनिस बॉलचे क्रिकेट. कोल्हापूरसारखी फुटबॉलची परंपरा रायगडाला नाही. तरीही रस्त्याने जाताना कुणाच्या अंगावर लिव्हरपूलची लाल, कुणाच्या अंगावर अर्जेंटिनाची निळी-पांढरी जर्सी दिसतेच.

याचे रूढ स्पष्टीकरण म्हणजे टीव्ही, जाहिरात आणि चकचकाट. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. टीव्हीने चाहता तयार होतो. मंडळ तयार होत नाही. त्याला बसायची एक जागा लागते, सगळ्यांना जमेल अशी वेळ लागते, पैशांचा हिशेब ठेवणारा एक चिकट माणूस लागतो. आणि महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट घडली, जिच्याकडे फारसे कुणी पाहत नाही. जवळचे संघ एकामागून एक बंद पडत गेले.

पण आधी टीव्ही नसतानाची गोष्ट. मुंबईत रोव्हर्स कप १८९१ साली सुरू झाला आणि पहिली साडेचार दशके तो ब्रिटिश पलटणींच्या घरची वस्तू असल्यासारखा होता. १९३७ साली बेंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला आणि लष्करी नसलेल्या भारतीय संघाचे नाव त्यावर पहिल्यांदा लागले. पुढच्या वर्षी त्यांनीच तो राखला. १९४० साली अंतिम फेरीत त्यांना हरवून कोलकात्याच्या मोहामेडन स्पोर्टिंगने कप नेला. मोहामेडनने १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षे कोलकात्याची लीग जिंकली होती आणि वर्तमानपत्रांतून ती बातमी देशभर गेली होती. गावोगावी त्याच नावाचे क्लब निघाले. ज्यांनी कोलकाता कधी पाहिले नव्हते अशा हजारो मुसलमान तरुणांचा तो आपला संघ झाला. या आपलेपणाला त्या काळच्या धार्मिक राजकारणाची धार होती, हेही सांगायलाच हवे. दूरच्या संघावरचा लोभ निव्वळ खेळापुरता क्वचितच असतो.

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद सिटी पोलीस आले. एस. ए. रहीम यांच्या तालमीत तयार झालेल्या या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला. मुंबईतल्या कूपरेज मैदानावरच्या प्रेक्षकाला दरवर्षी एकदा दिसणारा हा पाहुणा इतका ओळखीचा झाला की त्याला परका म्हणणेच अवघड. गोवेकरांचे प्रकरण याहून वेगळे. मुंबईत धोबीतलाव आणि आसपासच्या भागात गोव्यातल्या गावांनी आपापले ‘कूड’ चालवले होते. बोटीवर नोकरी करणारा, नोकरी शोधणारा गावकरी तिथे उतरायचा. ठरलेली वर्गणी, ठरलेले नियम, भिंतीवर संताची तसबीर, संध्याकाळी सामूहिक प्रार्थना. पुढे साळगावकर, धेंपो अशा गोव्यातल्या संघांना कूपरेजवर पाठिंबा द्यायला वेगळा क्लब काढायची गरजच नव्हती. माणसे एका छपराखाली आधीच जमलेली होती.

एकविसाव्या शतकाच्या तोंडावर रोव्हर्स कप बंद पडला. कूपरेजभोवती जमलेला समाजही पांगला, आणि त्याची नोंद कुणी फारशी ठेवली नाही.

टीव्हीने नेमके काय केले, हे पाहायला जरा नॉर्वेला जावे लागेल. तिथल्या हिवाळ्यात मैदाने गोठतात आणि स्थानिक फुटबॉल थांबतो. २९ नोव्हेंबर १९६९ रोजी नॉर्वेच्या सरकारी वाहिनीने इंग्लंडमधला वुल्व्ज विरुद्ध संडरलंड हा सामना थेट दाखवला आणि मग शनिवारचा इंग्लिश सामना हा तिथल्या घराघरातला नेम झाला. सरकारी फुटबॉल लॉटरीच्या कूपनवर तेच सामने असत, त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंत सगळ्यांना निकालात रस. दहा-बारा वर्षे असा शनिवार पाळल्यावर १९८० साली लिव्हरपूलच्या समर्थकांनी तिथे शाखा काढली आणि आज ब्रिटनबाहेरच्या मोठ्या शाखांत ती मोजली जाते. यातली दहा-बारा वर्षे महत्त्वाची. एखाद्या विश्वचषकाने मंडळ उभे राहत नाही. दर आठवड्याला त्याच वेळी, तोच संघ, तीच माणसे असा रियाज लागतो.

आपल्याकडे हा रियाज उशिरा सुरू झाला. १९८६ साली मेक्सिकोत विश्वचषक झाला आणि दूरदर्शनने त्याचे सामने थेट दाखवले. मेक्सिकोतले दुपारचे बारा म्हणजे आपले रात्रीचे साडेअकरा. २२ जूनला त्याच वेळी अर्जेंटिना-इंग्लंड सामना सुरू झाला आणि मॅराडोनाने चार मिनिटांच्या अंतराने ते दोन गोल केले, एक हाताने आणि एक अर्धा इंग्लंड चकवून. जेवणे आटोपून शेजारच्या टीव्हीसमोर बसलेल्या एका पिढीला त्या रात्री संघ मिळाला.

कोल्हापुरात या बियाण्याला तयार जमीन मिळाली. छत्रपती घराण्याच्या आश्रयाने तिथे फुटबॉल रुजला होता, १९४० साली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली होती, आणि कुस्तीच्या तालमींनीच फुटबॉलचे संघ बाळगले होते. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब: शाहू स्टेडियमवर यांच्या सामन्याला लोटणारी गर्दी देशातल्या अनेक व्यावसायिक संघांच्या नशिबी नाही. त्यामुळे ब्राझील आणि अर्जेंटिना हे तिथे आले ते पेठांच्या भांडणात दोन नवे भिडू म्हणून. विश्वचषकाच्या महिन्यात चौकाचौकांत त्यांचे झेंडे आणि फलक लागतात. दर्दी कोल्हापूरकर मात्र एक गोष्ट ठणकावून सांगतो: मेस्सी चार वर्षांनी एकदा, तालीम दर हंगामाला. ऑक्टोबर २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला, तेव्हा दूरचे आणि जवळचे यातली भिंत काही दिवस पार नाहीशी झाली होती. त्याच विश्वचषकाच्या निमित्ताने १५ सप्टेंबर २०१७ रोजी राज्य सरकारने दहा लाख मुलांना एकाच दिवशी फुटबॉल खेळायला लावण्याचा कार्यक्रम केला. शाळाशाळांत चेंडू पोहोचले. त्या दिवसानंतर किती शाळांत ते पुन्हा कपाटाबाहेर आले, हा वेगळा प्रश्न.

मुंबई-पुण्यात तालमीसारखे काही नव्हते. तिथे कंपन्यांचे संघ होते, आणि कंपनीचा संघ हा ताळेबंदातला एक आकडा असतो. महिंद्रा युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली कंपनीने संघ बंद केला. २००७ साली निघालेला पुणे एफसी २०१५ पर्यंत टिकला. मुंबई एफसीही २००७ सालीच जन्मला आणि २०१७ मध्ये आय-लीगमधून (राष्ट्रीय लीगचे नवे रूप) खाली घसरल्यावर संपला. पुण्याचाच डीएसके शिवाजियन्स, ज्याच्या अकादमीला लिव्हरपूलचे नाव जोडलेले होते, आय-लीगमध्ये दोन हंगाम खेळून गेला. इंडियन सुपर लीगमधला (आयएसएल) एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये थांबला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. दहा वर्षांत पाच संघ! पुण्यात २००८ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा एकवीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्या शहराने त्याला तीन संघ दिले आणि तिन्ही काढून घेतले.

याच मुलाने मँचेस्टर युनायटेड निवडले असेल तर त्याला नावे ठेवण्यात अर्थ नाही. तो क्लब १८७८ सालचा, आर्सेनल १८८६ चा, लिव्हरपूल १८९२ चा. उद्या सकाळी उठल्यावर ते असतील, एवढी खात्री त्याला पुरेशी आहे. आपल्याकडच्या क्रीडा-स्तंभांतून ‘परदेशी क्लबांचे वेड’ म्हणून जी टीका होते ती बहुतेक वेळा हा हिशेब न मांडता होते. घरचा संघ टिकवायला कंपन्या तयार नाहीत, मैदाने क्रिकेटला आणि लग्नांना दिलेली, आणि दोष मात्र जर्सी घालणाऱ्या पोराचा.

अर्थात इंग्लंडमध्येही क्लब मरतात. १८८५ सालचा बरी हा क्लब ऑगस्ट २०१९ मध्ये, म्हणजे पुणे सिटी थांबला त्याच वर्षी, कर्जापायी लीगबाहेर काढला गेला. खुद्द मँचेस्टर युनायटेड १९०२ साली दिवाळखोरीच्या दारात उभे होते आणि नवे पैसे आल्यावर नवे नाव घेऊन वाचले. फरक पुढच्या पावलात आहे. विम्बल्डनचा संघ मालकांनी मिल्टन कीन्सला हलवायचे ठरवले, तेव्हा समर्थकांनी २००२ साली स्वतःचा एएफसी विम्बल्डन काढला, बऱ्याच खालच्या पायऱ्यांपासून खेळवला आणि व्यावसायिक लीगमध्ये परत नेला. पुण्यात तसे काही झाले नाही. तिथल्या संघांना समर्थक मिळाले होते, पण समर्थकांची जुनी, मुरलेली संघटना तयार व्हायला जी वर्षे लागतात ती एकाही संघाने दिली नाहीत.

पुण्याचे नाव एका इंग्लिश क्लबच्या इतिहासात मात्र कायमचे लिहिले गेले आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये कोंबड्यांच्या व्यवसायातल्या पुण्याच्या वेंकीज समूहाने १८७५ सालचा ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. ऑक्टोबर २०११ मध्ये हा संघ बालेवाडीत येऊन पुणे एफसीशी मैत्रीचा सामना खेळून गेला आणि ३-० ने जिंकला. तरीही पुण्यात ब्लॅकबर्नच्या समर्थकांची लाट काही आली नाही. २०१२ च्या मे महिन्यात संघ प्रीमियर लीगमधून खाली गेला, त्या सामन्यात तिथल्या चिडलेल्या प्रेक्षकांनी क्लबचा झेंडा पांघरलेली कोंबडी मैदानात सोडली. मालकी विकत मिळते, पाठिंबा मिळत नाही, हे पुणेकरांना लँकेशायरने परस्पर शिकवले.

मुंबईतल्या इंग्लिश क्लबांच्या समर्थक मंडळांचे काम कसे चालते, हे पाहण्यासारखे आहे. आर्सेनल, लिव्हरपूल, मँचेस्टर युनायटेड, चेल्सी यांची शहरात संघटित मंडळे आहेत. सुरुवात बहुधा सात-आठ जणांनी एकत्र सामना पाहण्यापासून होते. मग एखाद्या बारशी बोलणी: अमुक शनिवारी मोठा पडदा आणि आवाज तुम्ही द्या, शंभर माणसे आम्ही आणतो. प्रवेशाचे कूपन खाण्यापिण्यातून वळते होते. सभासद वाढले की वार्षिक वर्गणी, तिच्या बदल्यात ओळखपत्र, टी-शर्ट आणि स्क्रीनिंगला सवलत. पुढची पायरी म्हणजे मूळ क्लबची अधिकृत मान्यता. त्यासाठी सभासदांची यादी, पदाधिकाऱ्यांची नावे आणि किमान संख्या दाखवावी लागते. बदल्यात क्लबचे नाव वापरायची परवानगी आणि तिकडे जाणाऱ्याला तिकीट मागण्याचा रास्त मार्ग मिळतो. अध्यक्ष, सचिव, खजिनदार, वर्गणीवरून वाद, टी-शर्टच्या रंगावरून रुसवे: ज्याने गल्लीतले गणेशोत्सव मंडळ आतून पाहिले आहे त्याला यातले काहीच नवे वाटणार नाही.

या मंडळांचा खरा शत्रू म्हणजे घड्याळ. शनिवार-रविवारचे सामने आपल्या संध्याकाळी येतात, तोवर ठीक. युरोपातल्या चॅम्पियन्स लीगचे सामने मंगळवारी-बुधवारी, आपल्याकडे हिवाळ्यात रात्री दीडला सुरू होतात. मुंबईतल्या परमिट रूमची बंद व्हायची वेळही दीडच. पडद्यावर खेळाडू मैदानात उतरत असताना वेटर बिल घेऊन उभा, असा तो योग आहे. मार्चअखेर युरोपातली घड्याळे तासभर पुढे जातात आणि सामना साडेबाराला येतो, पण पाऊण-एक तासात दिवे मालवायची वेळ झालेलीच असते. म्हणून मधल्या आठवड्याचे सामने कुणाच्या तरी घरी पाहिले जातात, आणि घर म्हटले की ज्याचे आईवडील गावी गेले आहेत त्याचे. मंडळातली घट्ट मैत्री या रात्रींची आहे.

याच शहरात दूरच्या संघाला पाठिंबा देण्याचा आणखी एक नमुना नांदतो. केरळ ब्लास्टर्सच्या समर्थकांची ‘मंजप्पडा’ ही संघटना २०१४ साली उभी राहिली आणि मल्याळी माणूस जिथे जिथे नोकरीला गेला तिथे पोहोचली. नवी मुंबई, डोंबिवली, वसई इथल्या मल्याळी कुटुंबांमुळे ब्लास्टर्सचा मुंबईतला सामना म्हणजे पाहुण्यांच्या बाजूला पिवळा गठ्ठा ठरलेला. लिव्हरपूलवाल्याने संघ निवडलेला असतो. या प्रेक्षकाने तो गावाहून सोबत आणलेला असतो, जसा एके काळी धोबीतलावच्या गोवेकराने आणला होता.

मुंबई सिटी एफसी जन्मला २०१४ साली. पहिल्याच हंगामात त्याने फ्रेडी लुंगबर्ग आणि निकोलस अनेल्का या दोघांना आणले. दोघेही आर्सेनलकडून खेळलेले, त्यामुळे ज्यांनी आयुष्यभर हा क्लब पडद्यावरच पाहिला होता अशांनी नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमचा रस्ता धरला. तिथल्या पहिल्याच सामन्यात पुणे सिटीला ५-० ने हरवताना आंद्रे मोरित्झने तीन गोल केले. ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ हा या संघाचा संघटित समर्थक गट. ढोल, घोषणा, मोठाले रंगवलेले फलक या साऱ्याची शिस्त त्याने हळूहळू बसवली. २०१६ मध्ये संघ अंधेरीला आला आणि लोकलने सामन्याला जाणे सोपे झाले, हा समर्थकांच्या दृष्टीने कुठल्याही महागड्या खेळाडूपेक्षा मोठा लाभ.

मग एक चमत्कारिक वर्ष आले. २०२०-२१ चा सगळा हंगाम कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या स्टेडियमांत झाला. १३ मार्च २०२१ रोजी फातोर्ड्याला बिपिन सिंगने नव्वदाव्या मिनिटाला गोल करून मुंबईला पहिले विजेतेपद मिळवून दिले, आणि गॅलरीत टाळी वाजवायला कुणी नव्हते. अंधेरीत राहणाऱ्यालाही आपला संघ पडद्यावरच पाहावा लागला. पुढच्या वर्षी, ११ एप्रिल २०२२ ला, रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. २०२३ मध्ये याच स्पर्धेत सौदीच्या अल हिलालशी गाठ पडली आणि नेमार मुंबईत येणार म्हणून गहजब उडाला. सामना नेरूळला ठेवला गेला. नेमारला मात्र ऑक्टोबरमध्ये ब्राझीलकडून खेळताना गुडघ्याची गंभीर दुखापत झाली. ६ नोव्हेंबरला अल हिलाल त्याच्याशिवाय आला आणि २-० ने जिंकून गेला.

२०१९ पासून संघात मँचेस्टर सिटीवाल्या सिटी फुटबॉल ग्रुपची मोठी हिस्सेदारी होती. मे २०२४ मध्ये मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून दुसऱ्यांदा चषक जिंकला. एवढे होऊनही जुलै २०२५ मध्ये व्यावसायिक हक्कांच्या करारावरून आयएसएलचा नवा हंगामच अडकला, आणि वर्ष संपता संपता त्या ग्रुपने मुंबईतून अंग काढून घेतले. त्याच २०२५ मध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीगने मुंबईत आपले कार्यालय थाटले आणि डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन, सामना न खेळता, हात हलवून गेला. तिकिटे खपली. एका वर्षातल्या या चार घटना शेजारी शेजारी ठेवल्या की घरच्या फुटबॉलची प्रकृती वेगळी सांगायला नको.

या सगळ्यात रायगडचा किनारा कुठे बसतो? एक योग लक्षात घेण्याजोगा आहे. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. बोडणी, रेवस, मांडवा इथल्या होड्या वर ओढलेल्या, जाळी दुरुस्तीला काढलेली, माणसे घरी. गेटवेच्या लाँचाही पावसाळ्यात बंद. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्याहून सुरू झालेली रो-रो बोट तेवढी हवामान पाहून चालते. आणि विश्वचषक येतो नेमका याच जून-जुलैत. २०२२ चा कतारमधला अपवाद सोडला तर खलाशाला रात्रभर जागायला मोकळीक असते तेव्हाच जगातला सर्वांत मोठा फुटबॉल चाललेला असतो. २०२६ ची स्पर्धा ११ जून ते १९ जुलै अशी आखलेली, म्हणजे पुन्हा बंदीच्या काळात. कोळीवाड्यातला चाहता हा असा हंगामी चाहता आहे. क्लब फुटबॉल ऑगस्टमध्ये सुरू होतो तेव्हा त्याच्या बोटीही समुद्रात गेलेल्या असतात, आणि शनिवारचा नेम पाळणे त्याच्या हातात नसते. मांडव्यात ब्राझील-अर्जेंटिनाचे चाहते भेटतील पण मँचेस्टरचे मंडळ भेटणार नाही, याची मुळे आवडीनिवडीपेक्षा या वेळापत्रकात अधिक आहेत.

दुसरी गोष्ट बोचरी आहे. मुंबईतली ही मंडळे बारमध्ये जमतात, इंग्रजीत बोलतात आणि रात्री उशिरा घरी जातात. शाळकरी मुलगा, एकटी मुलगी, शेवटची लाँच गाठायची असलेला माणूस हे तिघेही त्यातून आपोआप गळतात. २०२२ चा विश्वचषक जिओसिनेमावर इंग्रजी, हिंदी, तमिळ, मल्याळम आणि बंगाली या भाषांत ऐकता येत होता; मराठीत नाही. कोल्हापूरसारखे शहर असलेल्या राज्याच्या भाषेत समालोचन नसावे, याची तक्रारसुद्धा कुणी मोठ्याने केली नाही. संध्याकाळी सहा-साडेसहाचा सामना, गावातल्या शाळेचे किंवा ग्रामपंचायतीचे सभागृह, एक पडदा आणि चहा एवढ्यावर जर कुणी मंडळ चालवून दाखवले, तर त्यात बारपेक्षा जास्त प्रकारची माणसे येतील.

या विषयावर लिहायला बसणाऱ्याला सर्वांत मोठी उणीव जाणवते ती कागदांची. क्लबांचे इतिहास सापडतात, समर्थकांचे सापडत नाहीत. रोव्हर्स कपाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे, कुडाच्या वर्गणीच्या पावत्या, १९८६ साली चौकात टीव्ही लावण्यासाठी गोळा केलेल्या पैशांची यादी, बंद पडलेल्या पुण्या-मुंबईच्या संघांचे स्कार्फ, स्क्रीनिंगच्या हिशेबाच्या वह्या: हे सगळे लोकांच्या घरी माळ्यावर पडून आहे आणि दिवाळीच्या साफसफाईत जाते आहे. वाचकांपैकी कुणाकडे असे काही असेल तर त्याने ते रद्दीत घालू नये. त्यावर साल आणि ठिकाण लिहावे, सोबत दिसणाऱ्या माणसांची नावे पेन्सिलीने मागे नोंदवावीत, आणि जवळच्या वाचनालयाला किंवा क्रीडासंस्थेला त्याची एक प्रत द्यावी.